वरच्या मजल्याचा ताप: छताचं इन्सुलेशन निवडताना

फेब्रुवारी सरत आला की वाचकांच्या पत्रांत एक प्रश्न हमखास येऊ लागतो. ‘वरच्या मजल्यावर राहतो, रात्री अकरा वाजतासुद्धा पंखा गरम हवा फेकतो. छताचं काय करून घेऊ?’ नागपूर-अकोल्याकडून तो येणारच, पण ठाणे-पनवेलहूनही येतो. सोबत तीन-चार कोटेशनं असतात. एकात पांढरा रंग, दुसऱ्यात चायना मोझॅक, तिसऱ्यात थर्माकोल घालून फॉल्स सीलिंग आणि चौथ्यात चकचकीत फॉइल. आपल्याच मालाने ‘सात-आठ डिग्री फरक पडणार’ असं प्रत्येक ठेकेदार छातीठोकपणे सांगतो आणि दर मात्र एकमेकांच्या जवळपासही नसतात.

निवड करताना एक क्रम पाळलात तर गोंधळ बराच कमी होईल: आधी गळती, मग गच्चीवर सावली किंवा पांढरा रंग, मग गच्चीवरून इन्सुलेशन आणि अगदी शेवटी खोलीच्या आतून काही. उष्णता स्लॅबमध्ये शिरण्याआधीच अडवलेली बरी. एकदा स्लॅब तापला की खालून केलेल्या कामाला मर्यादा पडतात.

आधी ताप कुठून येतो ते बघा

एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. त्यामुळे भिंतींपेक्षा छतावर ऊन कितीतरी जास्त पडतं. पाच-सहा इंची स्लॅबमधून ही उष्णता खाली उतरायला तीन-चार तास लागतात. म्हणूनच दुपारी बऱ्यापैकी वाटणारी खोली रात्री आठ-नऊला भट्टी होते. पण सगळा दोष छताचाच असतो असं नाही. खर्च करण्यापूर्वी घरच्या घरी एवढं तपासा:

- रात्री नऊच्या सुमारास स्टुलावर चढून छताला हात लावा, मग घराच्या आतल्या भिंतीला लावा. इन्फ्रारेड थर्मामीटर मिळाला तर दोन्हींचं तापमान लिहून ठेवा. छत भिंतीपेक्षा चार-पाच अंशांनी गरम असेल तर काम छताचंच आहे.
- पश्चिमेची भिंत संध्याकाळी सहाला छताइतकीच तापलेली असेल, तर नुसत्या छतावर खर्च करून अर्धाच ताप जाईल. त्या भिंतीला बाहेरून सावली किंवा फिकट रंग, खिडकीला छज्जा किंवा बाहेरून पडदा, हेही हिशोबात धरा.
- खालच्या मजल्यावरच्या तशाच खोलीत त्याच वेळी जाऊन या. दोन्ही खोल्यांत फरक जाणवत नसेल, तर हवा खेळती नसणं हे मूळ दुखणं असू शकतं.

वॉटरप्रूफिंग केलं म्हणजे छत थंड झालं, असं नाही

सगळ्यात जास्त पैसे या गैरसमजात जातात. वॉटरप्रूफिंग पाणी अडवतं. काळं डांबरी मेम्ब्रेन किंवा लाल-हिरवा वॉटरप्रूफ रंग उन्हात उलट अधिक तापतो. दुसरीकडे, उष्णता अडवणारा थर पाणी अडवेलच असंही नाही.

गळक्या स्लॅबवर इन्सुलेशन घालण्याची चूक करू नका. पाणी थराखाली दडून राहतं, सळ्या गंजतात आणि गळती नेमकी कुठून होते ते पुढे सापडत नाही. त्याचप्रमाणे ओल मारणाऱ्या स्लॅबखाली फॉल्स सीलिंग केलंत, तर वर प्लास्टर फुगतंय की सळी उघडी पडतेय हे तुम्हाला कळायचंच नाही. आधी गळती बंद करा, गच्चीचा उतार आणि पॅरापेटच्या कडेचा वाटा (कोपऱ्यातला सिमेंटचा गोलवा) नीट करून घ्या, गच्चीवर 48 तास पाणी तुंबवून खात्री करा. उष्णतेचं काम त्यानंतर.

काँक्रीटच्या स्लॅबसाठी पर्याय

1. सावली. गच्चीवर सहा-सात फुटांवर ताणून बांधलेली शेडनेट हा सर्वांत स्वस्त उपाय. जाळी स्लॅबवर अंथरू नका, मधून वारा वाहिला पाहिजे. पहिल्या वळवाच्या वाऱ्याने ती उडणार नाही अशी बांधणी हवी आणि पावसाळ्यापूर्वी काढून ठेवायला हवी. सोलर पॅनेल बसवायचं मनात असेल, तर उंच सांगाड्यावरची पॅनेलं आयती सावली देतात. एका किलोवॉटला साधारण 100 चौरस फूट जागा लागते. पीएम सूर्यघर योजनेत घरगुती ग्राहकाला 1 किलोवॉटला 30 हजार, 2 किलोवॉटला 60 हजार आणि 3 किंवा त्याहून अधिक किलोवॉटला 78 हजार रुपये अनुदान ठरवलेलं आहे. पॅनेलखालच्या खोलीला मिळणारा गारवा हा वरचा नफा. मात्र वॉटरप्रूफिंग बाकी असेल तर ते आधी उरका. नंतर त्या सांगाड्याखाली कारागिराला नीट काम करता येत नाही.

2. पांढरा परावर्तक रंग. उघडं काँक्रीट अंगावर पडलेल्या उन्हाचा मोठा भाग पिऊन घेतं. चांगला पांढरा कूल-रूफ रंग नवा असताना ऐंशी टक्क्यांच्या आसपास ऊन परतवतो. एसी नसलेल्या घराने सुरुवात इथूनच करावी. खर्च कमी, वजन जवळपास शून्य आणि रात्री स्लॅबला थंड व्हायला आडकाठी नाही. याची खोड एकच: धूळ. गच्ची मळली की गुण उतरतो. दर फेब्रुवारीत घासून धुणं आणि काही वर्षांनी पुन्हा हात मारणं आलंच. साधा चुना स्वस्त पडतो आणि उन्हाळाभर कामही देतो, पण पावसात वाहून जातो. पांढरी चायना मोझॅक टिकाऊ असते आणि हेच काम करते. मात्र ती पांढरीच घ्या, रंगीत नक्षीच्या नादी लागू नका.

3. गच्चीवरून इन्सुलेशन. दिवसभर एसी चालणारं घर, विदर्भ-मराठवाड्यातला कडक उन्हाळा किंवा नवं बांधकाम असेल, तर हा खरा पक्का उपाय. वॉटरप्रूफिंगच्या वर एक्सपीएसचे, म्हणजे एक्स्ट्रूडेड पॉलिस्टायरीन फोमचे, कडक बोर्ड मांडायचे, त्यावर कापड, त्यावर सिमेंटचा थर आणि शेवटी पांढरी फरशी किंवा मोझॅक. अशा मांडणीत खालच्या वॉटरप्रूफिंगलाही ऊन लागत नाही, म्हणून ते जास्त टिकतं. साधा थर्माकोल, म्हणजे ईपीएस, इथे स्वस्तात खपवला जातो, पण तो एक्सपीएसपेक्षा जास्त पाणी पितो. गच्चीवर, वॉटरप्रूफिंगच्या वर, तो नको. पीयूएफचा, म्हणजे पॉलियुरेथेन फोमचा, फवारा जागेवरच मारतात. त्याची रोधनशक्ती सर्वांत जास्त, पण ऊन लागून त्याचा भुगा होतो. म्हणून वर संरक्षक थर हवाच आणि मारणारा हात सराईत हवा.

4. आतून फॉल्स सीलिंग. गच्चीवर हात लावायची परवानगीच नाही, तेव्हाचा हा पर्याय. स्लॅब आणि जिप्सम बोर्ड यांच्या मध्ये रॉकवूल किंवा ग्लासवूलची गादी घालतात. फायदा होतो, पण स्लॅब वरून तापतच राहतो. खोलीची उंची कमी होते, पंख्याचा रॉड बदलावा लागतो. वायरी पाइपातूनच न्यायला हव्यात, आणि छतात बुडवलेल्या दिव्यांवर गादी टेकू देऊ नका. रॉकवूल पेट घेत नाही. थर्माकोल आणि फोम मात्र पेटतात आणि त्यांचा धूर विषारी असतो. म्हणून खोलीच्या बाजूने उघडा फोम कधीही ठेवू नका. आग-रोधक प्रतीचा असला तरी तो बोर्ड किंवा गिलाव्याने झाकलेला असावा.

एक सावधगिरी: इन्सुलेशन दोन्ही दिशांनी काम करतं. एसी नसलेल्या घरात जाड थर घातलात आणि रात्री खिडक्या बंद ठेवल्यात, तर दिवसभरात साठलेली उष्णता आतच कोंडते. अशा घरात रात्री वारा आरपार जाईल अशी सोय हवी, आणि रंग-सावलीला पहिली पसंती.

जाडी किती पुरे?

इथे थोडा आकड्यांचा आधार घेऊ. छतामधून दर चौरस मीटरला, आतबाहेरच्या दर एक अंश फरकाला किती वॉट उष्णता जाते, त्याला यू-मूल्य म्हणतात. आकडा जितका लहान तितकं छत चांगलं. साधारण हिशोब असा:

- नुसता 6 इंची स्लॅब: सुमारे 3.3
- त्यावर 4 इंच विटांचा कोबा: सुमारे 2.3
- कोब्याऐवजी 25 मिमी एक्सपीएस: सुमारे 0.95
- 50 मिमी एक्सपीएस: सुमारे 0.55
- 75 मिमी एक्सपीएस: सुमारे 0.4

ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या 2018 च्या इको निवास संहितेत नव्या निवासी इमारतींच्या छतासाठी 1.2 ही कमाल मर्यादा आहे. म्हणजे एक इंच एक्सपीएसने तुम्ही या मर्यादेच्या आत येता. दुसऱ्या इंचाचा फायदाही चांगला, तिसऱ्या इंचाचा मात्र फारच थोडा. घर दिवसरात्र एसीवर नसेल, तर 50 मिमीपेक्षा जाड थरासाठी जादा पैसे मोजू नका.

वजनही याच हिशोबातलं. चार इंची कोबा दर चौरस मीटरला 180-200 किलो भार टाकतो, दोन इंची एक्सपीएस बोर्ड दोन किलोसुद्धा नाही. वरचा सिमेंटचा थर धरला तरी कोब्यापेक्षा हलकंच. अनेक जुन्या इमारतींत गळती लागली की आधीचा कोबा न काढता त्यावरच नवा घातलेला असतो. तुमच्याकडे तसं असेल तर आणखी एक थर घालण्यापूर्वी स्ट्रक्चरल इंजिनिअरचं मत घ्या. गच्चीवर बाग करून गारवा मिळवायचा विचार असेल तरीही घ्या, कारण ओली माती कोब्याहूनही जड भरते.

पत्र्याचं घर असेल तर

पत्रा उन्हात झपाट्याने तापतो आणि ऊन उतरताच तितक्याच झपाट्याने निवतो. दुपारी डोक्यावर जाणवते ती मुख्यतः तापलेल्या पत्र्याची झळ. म्हणून उपायही त्या झळेवरच हवेत:

- वरून पांढरा परावर्तक रंग. गंज घासून, प्रायमर मारून मगच.
- आतून फॉइल, पण पत्रा आणि फॉइल यांच्यात किमान एक इंच मोकळी हवा ठेवून. एका बाजूलाच चमक असेल तर ती बाजू खाली, मोकळ्या पोकळीकडे येईल अशी लावा. वर तोंड केलेल्या चमकेवर धूळ बसते आणि ती निकामी होते.
- नवा पत्रा घालायचाच असेल तर दोन पत्र्यांमध्ये फोम असलेले तयार पीयूएफ पॅनेल. खर्च जास्त, पण पावसाचा कानठळ्या बसवणारा आवाजही कमी होतो.
- सर्वांत उंच जागी गरम हवा बाहेर पडायला झरोका किंवा वाऱ्यावर फिरणारा व्हेंटिलेटर.

जुने सिमेंटचे करडे पत्रे असतील तर त्यांत ॲस्बेस्टॉस असण्याची दाट शक्यता आहे. ते कोरडे घासू नका, कापू नका, त्यांना भोकं पाडू नका. धूळ फुफ्फुसात जाते आणि तिचा त्रास कित्येक वर्षांनी बाहेर येतो. पत्रा शाबूत असेल तर ओला करून हलक्या हाताने पुसून वरून रंग देणं, एवढंच करा.

कौलारू आणि माळवदाची घरं

कोकणातल्या कौलारू घरात लाकडी किंवा बांबूचा माळा असे. कौलांखालची गरम हवा माळ्यावरच राही आणि कौलांच्या फटींतून निघून जाई. माकडांच्या उपद्रवाला कंटाळून अनेकांनी कौलं उतरवून पत्रे घातले आणि जागा मिळावी म्हणून माळाही काढला. घर तापू लागलं ते तिथून. तुमच्याकडे माळा शाबूत असेल तर तो राखा. माळ्याच्या जमिनीवर रॉकवूलची गादी अंथरून वर फळ्या टाका आणि वरची हवा मात्र खेळती राहू द्या. गादी कौलांना चिकटवू नका. पावसाळ्यात ओल धरली की तिचा उपयोग संपतो.

मराठवाडा-खानदेशातल्या माळवदाच्या घरात मातीचा जाड थर हेच इन्सुलेशन. तो काढून स्लॅब टाकण्यापूर्वी दोनदा विचार करा. लाकूड चांगलं असेल तर डागडुजी करून पाणी निघून जायची वाट नीट ठेवणं अनेकदा स्वस्तही पडतं आणि थंडही.

इथे फसगत होते

- दिव्याचा प्रयोग. विक्रेता हॅलोजनच्या दिव्यासमोर फॉइल धरतो आणि मागे तुमचा हात ठेवायला सांगतो. हाताला काहीच लागत नाही, तुम्ही खूश. पण त्या फॉइलच्या दोन्ही बाजूंना मोकळी हवा आहे. तीच फॉइल स्लॅबला डिंकाने चिकटवली की चिकटलेल्या बाजूची चमक वाया जाते. ‘माझ्या छताला पोकळी ठेवून कशी बसवणार, ते दाखवा,’ असं सांगा.
- ‘दहा डिग्री फरक’. कुठल्या तापमानात? गच्चीच्या पृष्ठभागात तेवढा किंवा त्याहून जास्त फरक पडू शकतो. खोलीतल्या हवेत पडणारा फरक त्याच्या मानाने थोडा असतो. आकडा कशाचा आहे, ते लेखी घ्या.
- ओल्या गच्चीवर रंग. पावसाळा संपल्या संपल्या सवलतीत मारलेला रंग वर्षभरात पापुद्रे होऊन निघतो. स्लॅब पूर्ण सुकलेला आणि शेवाळ घासून काढलेलं हवं.
- रोज संध्याकाळी गच्चीवर पाणी. तासभर बरं वाटतं. पण टँकरवर जगणाऱ्या गावात ही चैन परवडत नाही, आणि तडे असलेल्या स्लॅबला पाण्याने नुकसानच होतं.

शंका असेल तर झोपायच्या खोलीवर दहा बाय दहा फुटांचा तुकडा आधी करून घ्या. आठवडाभर त्या खोलीच्या आणि शेजारच्या खोलीच्या छताचं तापमान रात्री एकाच वेळी लिहून ठेवा. मग उरलेल्या गच्चीचा निर्णय घ्या.

गच्ची कोणाची, खर्च कोणाचा?

सोसायटीत राहत असाल तर इमारतीची सामाईक गच्ची सर्व सभासदांची असते. वरच्या मजल्यावर राहता म्हणून परस्पर काम करू नका. सचिवांना लेखी अर्ज द्या, सोबत कोटेशन आणि वजनाचा तपशील जोडा आणि पोच घ्या. गच्चीतून होणारी गळती थांबवणं ही आदर्श उपविधींनुसार सोसायटीची जबाबदारी आहे. तो खर्च एकट्या वरच्या सभासदावर टाकता येत नाही. उष्णतारोधन ही मात्र सुधारणा आहे, त्याचा खर्च कोणी करायचा हे सभेत ठरवावं लागतं. म्हणून संधी साधा: वॉटरप्रूफिंगचं काम निघेल तेव्हाच वरचा थर पांढरा करण्याचा किंवा एक्सपीएस घालण्याचा ठराव मांडा. मजुरी एकदाच लागते आणि इतर सभासदांचा विरोधही कमी होतो. इमारत 15 वर्षांहून जुनी असेल तर आदर्श उपविधींनुसार 30 वर्षांपर्यंत दर 5 वर्षांनी आणि त्यानंतर दर 3 वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट अपेक्षित आहे. शेवटचा अहवाल मागून घ्या. गळतीबाबत सोसायटी दाद देत नसेल तर उपनिबंधकांकडे लेखी तक्रार करता येते.

नवा फ्लॅट असेल तर रेरा कायद्याच्या कलम 14 नुसार ताबा मिळाल्यापासून 5 वर्षांत बांधकामाचा दर्जा किंवा कारागिरीतला दोष निदर्शनास आणल्यास बिल्डरने तो 30 दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा असतो. गळती यात बसते. ‘घर गरम होतं’ एवढीच तक्रार सहसा टिकत नाही. पण करारात किंवा माहितीपत्रकात छताच्या इन्सुलेशनचा उल्लेख असेल आणि ते केलेलं नसेल, तर महारेराकडे दाद मागता येते. माहितीपत्रक जपून ठेवा.

भाड्याने राहत असाल तर कायमस्वरूपी कामासाठी मालकाची लेखी संमती घ्या आणि खर्च भाड्यातून वळता होणार असेल तर तेही लिहून घ्या. स्वतःच्या पैशाने फक्त काढून नेता येईल असंच करा, उदाहरणार्थ खिडकीबाहेरचा पडदा. सामाईक गच्चीवर शेडनेट बांधायची तर सोसायटीला विचारूनच.

कोटेशनमध्ये हे लिहिलेलं असू द्या

1. मालाचं नाव, प्रत आणि जाडी मिलिमीटरमध्ये. ‘एक थर’, ‘डबल कोट’ चालणार नाही.
2. रंग असेल तर सौर परावर्तनाचा चाचणी अहवाल आणि एका लिटरमध्ये किती चौरस फूट, तो दर.
3. गच्ची घासणं, तडे भरणं, वाटा करणं दरात धरलं आहे की वेगळं, आणि जीएसटी धरून की सोडून.
4. दर चौरस मीटरला छतावर येणारं एकूण वजन.
5. वॉरंटी मालाची की कामाची, आणि ती देणार कोण. कंपनी फक्त डब्यातल्या मालाची हमी देते आणि ठेकेदार तोंडी दहा वर्षं सांगतो. तक्रारीच्या वेळी दोघं एकमेकांकडे बोट दाखवतात.
6. पैसे टप्प्याटप्प्याने. गच्चीचा शेवटचा हप्ता एका पावसानंतर देणं ठरवून घ्या.

पक्कं बिल घ्या. काम निकृष्ट निघालं तर ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार ती सेवेतली त्रुटी ठरते. आधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. तिथे मिटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जाता येतं. 5 लाखांपर्यंतच्या व्यवहारासाठी तिथे शुल्क नाही.

कधी काय करायचं?

- पावसाळ्यात: गळती कुठे होते त्याच्या खुणा करा, फोटो काढा.
- ऑक्टोबर-नोव्हेंबर: सोसायटीला अर्ज, तीन कोटेशनं, गरज असेल तर इंजिनिअरची भेट.
- डिसेंबर-जानेवारी: गळतीची दुरुस्ती आणि पाणी तुंबवून चाचणी. एक्सपीएस घालायचं तर ते यालाच जोडून.
- फेब्रुवारी: सुकलेल्या गच्चीवर पांढरा रंग, किंवा जुना असेल तर घासून धुणं.
- मार्च-एप्रिल: शेडनेट आणि छताच्या तापमानाच्या नोंदी.

हा लेख वाचताना एप्रिल उजाडला असेल, तर घाईघाईत मोठं काम काढू नका. या दिवसांत ठेकेदार मिळत नाहीत, मिळाले तर दर चढे असतात. यंदा शेडनेट आणि पांढरा रंग एवढ्यावर भागवा, रात्रीच्या नोंदी ठेवा आणि त्या नोंदी घेऊनच दिवाळीनंतर सोसायटीच्या सभेत उभे राहा.